लिफाफ्यातली यादी

भाऊबीज एसटी स्टँडवर करावी असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय, मला ठाऊक नाही. मी मात्र ती ओळीनं सहा वर्षं शहापूरच्या स्टँडवर केली. किन्हवलीच्या गाडीतून उतरायचं, चौकशीच्या खिडकीजवळच्या बाकावर जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर भरतला बसवायचं आणि निरांजन पेटवायचं. एखादी गाडी मागे येत फलाटाला लागली की वाऱ्यानं ते विझायचं. मग पुन्हा काडी. एकदा एका म्हाताऱ्या बाईनं कौतुकानं विचारलं, "भाऊ लांबच्या गावाला चाललाय वाटतं?" मी म्हटलं, "नाही हो, तो इथेच शहापूरला राहतो. माझ्या घरी यायला त्याला कोर्टाची मनाई आहे." बाईंनी पिशवी जवळ ओढली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

भरत माझा धाकटा भाऊ. त्यानं कधी चोरी केली नाही, कोणावर हात उगारला नाही, बिडीसुद्धा ओढली नाही. कोणाच्या गोठ्यात कोणती म्हैस आहे, ती किती दूध देते आणि कधी विणार आहे हे त्याला माहीत होतं, एवढाच त्याचा गुन्हा. आमच्या भागात हे माहीत नसलेला माणूस दाखवा. पाणवठ्यावर दोन बायका भेटल्या की दुसरं बोलतात काय? पण मुरबाडच्या शेठनं दाव्यात त्याला नाव दिलं होतं, 'गोपनीय व्यावसायिक माहिती'. आणि ती माहिती वापरली म्हणून माझा भाऊ झाला प्रतिवादी.

शेठची दुधाची डेअरी होती. भरत तिथे अकरा वर्षं नोकरीला. पहाटे लुनाला दोन्हीकडे कॅन बांधून तो मुरबाडहून किन्हवलीपर्यंतची गावं फिरायचा, दूध मोजायचा, फॅट बघायचा, डेअरीत पोचवायचा. शेठ त्या अकरा वर्षांत एकदाही कोणाच्या गोठ्यात आला नाही. त्याला शेणाचा वास सोसत नसे. भरतच्या शर्टाच्या खिशात मात्र कायम खडामीठ असायचं. आधी म्हशीला चिमूटभर मीठ चाटवायचं, मग मालकाशी बोलायचं, हा त्याचा शिरस्ता. म्हशी त्याच्या खिशावर नाक घासायच्या, त्यामुळे त्याचा एक शर्ट धड नसायचा. त्याची बायको वैतागायची. भरत हसायचा.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर दुसरी एक डेअरी सुरू झाली आणि भरत तिकडे गेला. त्याच्यामागोमाग निम्मी घरंही गेली. त्यानं कोणाला आमिष दाखवलं नव्हतं, मी स्वतः साक्षीदार आहे. लोकांना भरतची सवय होती, एवढंच. शेठनं दावा ठोकला. आमच्या नोकरानं आमच्या दूध घालणाऱ्यांची यादी चोरली, तिचा गैरवापर केला, त्याला त्या लोकांशी संपर्क ठेवायला मनाई करा.

खालच्या कोर्टानं पहिल्यांदा शेठला विचारलं की ज्या गोष्टी साऱ्या गावाला माहीत, त्यात गुपित कसलं? मनाई मिळाली नाही. आम्ही पेढे वाटले. घाई केली. शेठ अपिलात गेला. तिथे त्याच्या वकिलानं सांगितलं की आमच्याकडे खरीखुरी लिहिलेली यादी आहे, ती उघडी दाखल केली तर गुपित राहणार नाही, म्हणून लिफाफ्यात सील करून देतो. वरच्या कोर्टानं लिफाफा ठेवून घेतला आणि प्रकरण पुन्हा खाली पाठवलं. तोवर काय करायचं? तर आमच्या वकीलसाहेबांनी मोठ्या मनानं तोडगा काढला. भरतनं हमीपत्र लिहून द्यावं, की निकाल लागेपर्यंत मी यादीतल्या कोणाशीही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष संपर्क ठेवणार नाही.

आणि या गाढवानं सही केली.

सही केली ती केली, पण ती पाळायला घेतली. इथेच खरी गोम आहे. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, कागद कोर्टात आहे, कोण बघायला येतंय. भरतचं तसं नाही. आमचे बाबा अंगठेबहाद्दर. भरत सातवी पास होऊन पहिल्यांदा सही करायला शिकला, तेव्हा बाबांनी त्याला सांगितलं होतं की आता तुझ्या शब्दाला कागद आहे, जपून राहा. ते त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. आता यादीत कोण आहे हे तर त्याला माहीत नाही, यादी सीलबंद. मग कोणाला भेटू नये? कोणालाच नाही. त्यानं लुना विकली, नवी डेअरी सोडली, बायको कविताला घेऊन शहापूरला खोलीत राहायला गेला आणि फरशीच्या दुकानात कामाला लागला. पहिल्याच वर्षी आमच्या शेजारगावात त्याच्या जुन्या मित्राचे वडील वारले. भरत दहाव्याला जाऊन आला, तर शेठच्या वकिलानं तेवढ्यावरून हमीभंगाचा अर्ज टाकला. अर्ज टिकला नाही, पण भरतनं धसका घेतला. त्या दिवसापासून त्यानं किन्हवलीच्या रस्त्याला पाऊल टाकलं नाही.

माझं सासर त्याच रस्त्यावर. आमचे हे शेती बघतात, गोठा सांभाळतात. आमच्या घरचं दूध शेठच्या डेअरीला जायचं. म्हणजे मी यादीत असणार. म्हणजे माझ्या घरी यायचं नाही; सार्वजनिक जागी बहिणीला भेटायला हरकत नाही, एवढी सवलत वकीलसाहेबांनी दिली. म्हणजे भाऊबीज स्टँडवर.

पुढे खालच्या कोर्टाचा निकाल शेठच्या बाजूनं लागला, आणि या खेपेला अपिलात आम्ही गेलो. ते अपील नव्व्याण्णवपासून पडून होतं. कधी शेठचा वकील आजारी, कधी आमचा वकील दुसऱ्या कोर्टात, कधी दोघेही हजर आणि दोघांनाही पुढची तारीख हवी. मी रजा टाकून भरतबरोबर जायचे. तारीख पडली की बाहेर वडापाव खाऊन परत. शाळेत हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे 'कोर्ट' असं इतक्यांदा लिहिलं गेलं की नव्या मुख्याध्यापकांना वाटलं, माझाच घटस्फोट चालू आहे.

हे असंच चाललं असतं. पण दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत माझ्या पूजाचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. मुहूर्त निघाला मे महिन्यातला, गोरज. मी आधी शहापूरला गेले.

"मामा लागतो," मी भरतला म्हटलं. आम्ही त्याच बाकावर बसलो होतो. "मुलीला बोहल्यावर आणायला मामा लागतो, तिच्या पाठीशी उभा राहायला मामा लागतो. तुला काय ते मी सांगायला नको."

त्यानं बराच वेळ चपलेनं जमीन उकरली. "ताई, तुजं घर यादीत आसंल तर?"

"असू दे."

"सही हाय माजी."

"अरे, भाची आहे ती तुझी! खांद्यावर घेऊन म्हसाची जत्रा दाखवलीस तिला. आणि एका शेठच्या कागदासाठी..."

"शेठच्या नाय गो. माज्या कागदासाटी."

मला इतका संताप आला की मी त्याला तिथेच टाकून गाडीत जाऊन बसले. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता. मी काच खाली ओढायचा प्रयत्न केला, पण ती अडकलेली होती. पूजाला घरी येऊन काय सांगायचं होतं? तिनं विचारलंच, "मामा येणार ना?" मी म्हटलं, येणार. तिला लहानपणापासून खोटं बोलू नये असं शिकवणारी मी.

पंचवीस वर्षं मी चौथीच्या मुलांना एकच गोष्ट सांगत आले, आधी प्रश्न वाचा, मग उत्तर लिहा. निम्मी मुलं प्रश्न न वाचताच उत्तर लिहितात. त्या आठवड्यात पेपर तपासता तपासता माझा हात थांबला. या यादीवर सहा वर्षं भांडण चाललंय. ती वाचली कोणी?

दुसऱ्या दिवशी मी वकीलसाहेबांच्या ऑफिसात जाऊन बसले. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की थांबत नाही.

"साहेब, तुम्ही ती यादी पाहिलीत?"

"बाई, प्रश्न यादीचा नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे. दूध घालणाऱ्यांची नावं ही मालकाची मालमत्ता होते का, या मुद्द्यावर आपलं अपील..."

"पाहिलीत का?"

"ती सीलबंद आहे."

"तुम्हाला बघता येत नाही?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "बघता येते. अर्ज करावा लागतो."

"मग सहा वर्षांत केला का नाही?"

"भरतनेच सांगितलं होतं, डेअरीत अशी यादी आहे म्हणून. मी जबाबात लिहून दिलं, यादीचं अस्तित्व मान्य. मान्य केलेली गोष्ट कशाला बघायची?"

भरतला विचारलं तर तो म्हणाला, "मला वाटला साहेबांनी बगितली आसंल." शेठच्या वकिलाला वाटलं होतं, शेठनं बघितली असेल. शेठला वाटलं होतं, कारकुनानं बरोबर दिली असेल. यादी गुपित आहे म्हणून सील, आणि सील आहे म्हणून गुपित. त्यावर दोन निकाल, दोन अपिलं आणि माझ्या सहा भाऊबिजा. मी रडले असते, पण मला आधी ओरडायचं होतं. वकीलसाहेबांच्या टेबलावर हात आपटून मी म्हटलं, "आजच्या आज अर्ज करा."

अर्ज झाला. सुनावणी लागली एप्रिलच्या शेवटाला, उन्हाळी सुटीच्या आधीच्या शेवटच्या दिवशी. शेठ स्वतः आला होता. पांढरी सफारी, कपाळावर गंध, म्हातारा झाला होता. शिरस्तेदारांनी कपाटातून लिफाफा आणला. लाखेचं सील होतं, त्यावर धूळ. न्यायाधीश साहेबांनी ते फोडलं आणि आतून एक चाळीस पानी वही निघाली. कव्हर मळकं, कोपरे कुरतडलेले.

भरत माझ्या शेजारी बसला होता. तो ताडकन उठला. "ताई, ही तर माजी वही!"

"बसा," पट्टेवाला म्हणाला.

न्यायाधीश साहेबांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग चष्म्यावरून शेठच्या वकिलाकडे पाहिलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "चांदी. कपाळावर ठिपका. सकाळी साडेतीन लिटर. लाथ मारते. मैना. उजवं शिंग मोडकं. कार्तिकात विणार. रेडी झाली तर ठेवायची म्हणतात. ढवळी. मीठ दिल्याशिवाय पान्हा सोडत नाही." ते थांबले. "वकीलसाहेब, आपले दूध उत्पादक हेच का?"

एवढं कोर्ट हसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एकेचाळीस नोंदी. एकेचाळीस म्हशी. मालकाचं नाव एकाही पानावर नाही, कारण कोणती म्हैस कोणाची हे भरतच्या डोक्यात होतं, ते त्यानं लिहावं कशाला? झालं होतं असं की डेअरीच्या ऑफिसातलं खरं नावांचं रजिस्टर पावसात भिजून गेलं होतं. कोर्टात यादी द्यायची म्हणताच कारकुनानं भरतच्या जुन्या खणात हात घातला, ही वही सापडली, ती लिफाफ्यात टाकली. शेठनं सही केली. वाचलं नाही. गोठ्यातला माणूसच नव्हे तो, वाचून तरी काय कळणार होतं?

मला वाटलं, सुटलो. पण शेठचा वकील उठून उभा राहिला. अशिलाकडून सूचना घ्यायला मुदत हवी म्हणाला. तारीख पडली सुटीनंतरची, जूनची. तोवर हमीपत्र जसंच्या तसं. लग्न मे महिन्यात.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "झालं ना? यादीत माणूस नाही. मी नाही, आमचे हे नाहीत. आता तरी ये."

भरतच्या चेहऱ्यावर मात्र तोच जुना विचारी भाव. "ताई, कागदावर काय लिवलंय? यादीतल्या कोनाशीबी. त्या म्हशी आता कुटं कुटं हायत ते बगाया नको?"

मी छत्री उगारली. खरोखर उगारली. आमच्या ह्यांनी माझा हात धरला. भरतवर त्यांचा माझ्याहून जास्त जीव. म्हणाले, "र्‍हाऊ दे गो. मी बगतो."

आणि बघितलं. वकीलसाहेबांकडून वहीची नक्कल घेतली. लग्न दोन आठवड्यांवर, पत्रिका वाटायच्या, मांडवाचं सामान आणायचं, आणि आमचे हे सायकलवरून म्हशी मोजत हिंडले. पत्रिका द्यायला जायचं आणि कुंकू लावता लावता विचारायचं, तुमची ती मोडक्या शिंगाची होती, तिचं काय झालं? लोकांना वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. पण हिशेब लागला. अकरा मेल्या होत्या. एकोणतीस म्हसाच्या जत्रेत विकल्या गेल्या, घाटावरच्या लोकांनी नेल्या. बाकी राहिली एक.

ती एक आमच्याच गोठ्यात उभी होती. पुतळी.

वहीत तिची नोंद होती सतराव्या पानावर. 'पुतळी. ताईच्या घरची. गरीब आहे. मीठ जास्त मागते.' साऱ्या वहीत घराचा उल्लेख असलेली ही एवढीच ओळ. पूजा शाळेत जायला लागली त्या सुमाराला तिचा जन्म. आता म्हातारी झाली होती, दूध जेमतेम वाटीभर, पण ह्यांनी तिला विकू दिली नाही. मीच दरवर्षी जत्रा आली की म्हणायचे, काढून टाका. आता वाटलं, काढली असती तर बरं झालं असतं. आणि असं वाटल्याची लाजही वाटली. त्या मुक्या जिवानं माझं काय बिघडवलं होतं?

मी भरतला निरोप पाठवला, की लग्नाच्या दिवशी म्हैस घरात नसेल. उलट निरोप आला, "मंग येतो." सहा वर्षांत पहिल्यांदा 'येतो'. कविता सांगत होती, त्यानं त्याच दिवशी नवा शर्ट शिवायला टाकला.

आमच्या गावाच्या कडेला वाडी आहे. तिथला धाऊ आमची गुरं चरायला नेतो, त्याच्या बापापासूनचं ते काम. मी त्याला बोलावून समजावून सांगितलं. "धाऊ, लग्नाच्या दिवसभर पुतळीला ओढ्यापलीकडे सांभाळ. सकाळीच ने. गावात आणू नकोस."

"दिसभर ना? सांबालतो बाय," धाऊ म्हणाला. त्याची बायको जनी म्हणाली, "म्हशीचं येवडं काय गो बाय? पावन्यांना मारते काय?"

"नाही गं. तिच्यावर कोर्टाची केस आहे."

जनीनं पुतळीकडे आदरानं पाहिलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी दोनच्या गाडीनं भरत आणि कविता आले. मी त्यांना घ्यायला फाट्यावर गेले होते. भरतनं उतरता उतरताच विचारलं, "नेली ना?" मी म्हटलं, नेली, ये आता. तो आत आला. अंगणात पाय ठेवताना त्यानं चप्पल काढली, देवळात काढतात तशी. पूजा हळदीच्या पिवळ्या साडीत होती. ती धावत आली आणि मामाच्या गळ्यात पडली, आणि मी दोघांना ओरडले की रडायला नंतर वेळ आहे, आधी जेवून घ्या. 

गोठ्याच्या बाजूला भरत गेला नाही. बाहेरूनच मोकळ्या दावणीकडे बघितलं आणि वळला.

आता माझा गाढवपणा ऐका. शिकलेली बाई मी, सगळ्यांना अक्कल शिकवणारी. मुहूर्त कोणता? गोरज. गोरज म्हणजे काय हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. सांजेला गुरं घराकडे परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती वेळ. आणि मी धाऊला सांगून बसले होते, दिवसभर सांभाळ.

सूर्य डोंगराला टेकला. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला. भरत पूजाला हाताला धरून बोहल्यावर घेऊन आला आणि तिच्या पाठीशी उभा राहिला. पांढरा नवा शर्ट, डोक्यावर टोपी, शर्टाच्या खिशात मूठभर अक्षता. मी लांबून बघत होते. सहा वर्षांचा राग कुठेतरी सैल पडत होता. मंगलाष्टकं सुरू झाली. तिसरं कडवं चालू असताना मांडवाच्या मागच्या बाजूला गडबड झाली, बायका बाजूला सरकल्या, कोणीतरी "हैक हैक" केलं.

पुतळी आली होती. गळ्यात तुटलेलं नाही, नीट सोडलेलं दावं. तिच्यामागे धाऊ धापा टाकत. "दिस तर गेला ना बाय," तो मला म्हणाला, "मंग सोडली सगली गुरं. ही घराकडं चालली व्हती, पन मदीच थांबली, कान उबं केलं न् पलाया लागली."

तिनं भरतचा आवाज ऐकला असणार. तो मंगलाष्टकांना सुरात सूर लावत होता, मोठ्यानं, बेसूर. ती वऱ्हाडी मंडळींच्या मधून, खुर्च्या ढकलत, कोणालाही न मारता सरळ बोहल्यापर्यंत गेली. भटजी थांबले. बँडवाले थांबले. नवरदेवाचा बाप उठून उभा राहिला. पुतळीनं मान लांब केली आणि भरतच्या शर्टाच्या खिशावर नाक घासलं.

भरतनं दोन्ही हात वर केले. पोलिसांनी बंदूक रोखल्यासारखे. चेहरा पांढराफटक. "ताई, मी काय केला नाय. मी नाय गेलो तिच्याकडं. सगल्यांनी बगितला ना? तीच आली."

"बघितलं रे बाबा, सगळ्यांनी बघितलं," मी म्हटलं. मला हसू येत होतं की रडू, सांगता येत नव्हतं.

पुतळी खिसा चाटत होती. नव्या शर्टावर लाळेचा मोठा डाग. मीठ काही मिळेना. तिनं अक्षतांचे चार दाणे जिभेवर घेतले, टाकून दिले आणि पुन्हा नाक घासायला लागली. कोणी हसलं नाही. पूजा अंतरपाटाआडून वळून बघत होती. ती हळूच म्हणाली, "मामा, तिला ओळख पटलीय."

भरतचे हात अजून वरच होते. मग एक खाली आला. हळूहळू, जणू कोणी तरी अजूनही थांबवेल म्हणून वाट बघत. तो पुतळीच्या कपाळावर टेकला. मग दुसरा. मग त्यानं टोपी पडू दिली आणि आपलं कपाळ तिच्या कपाळाला लावलं.

"म्हातारी झालीस गो," तो म्हणाला. "मला ठावंच नाय. कवा झालीस?"

मी तिथेच उभी होते. माझेही केस पांढरे झाले होते. सहा वर्षांत त्यानं मला स्टँडच्या बाकावर नाहीतर कोर्टाच्या आवारात बघितलं होतं, गाडी लागेपर्यंत नाहीतर पुढची तारीख पडेपर्यंत.

भटजींनी घड्याळ बघितलं. "मुहूर्त चाललाय," ते म्हणाले.

"थांबा जरा," भरत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणाला थांबा म्हणत होता. त्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळला. "जूनमदी साहेबांनी इचारला तर मी सांगीन, झाला संपर्क म्हनून. माजी सही हाय. खोटा नाय सांगनार."

"सांग," मी म्हटलं. "मी येते साक्षीला."

"ताई, घरात खडामीठ हाय काय गो?"

मी शालू सावरला नाही, पायातल्या जोडव्यांचं बघितलं नाही, मांडवातून पळत स्वयंपाकघरात गेले. चिमूटभर घ्यायला हात बरणीत घातला आणि काढून घेतला. मी अख्खी बरणीच उचलून बाहेर आणली.